मूळ प्रत कुठे ठेवावी?

*वाचकाचे पत्र*

सप्रेम नमस्कार. मी चिपळूणला राहते आणि गेली काही वर्षे एका समाजमाध्यमावर नियमित लिहिते. पावसाळी रानभाज्या, बाजारपेठेतली जुनी दुकाने आणि मुख्यतः वाशिष्ठीचे पूर हे माझे विषय. जुलै २०२१ च्या पुरात पाणी कोणत्या भागात केव्हा शिरले आणि कितव्या पायरीपर्यंत चढले, याच्या मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून केलेल्या नोंदी पुष्कळांनी वाचल्या. त्यांतली एक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्याच भावजयीकडून मला आली, आणि तिच्याखाली नाव भलत्याच माणसाचे होते. पुढे एका अभ्यासकाला त्या नोंदी हव्या होत्या, तेव्हा मला स्वतःलाच त्या सापडेनात. अलीकडे लिहिलेले पूर्वीच्या निम्म्या लोकांनाही दिसत नाही, आणि दिसलेच तर त्याखाली भांडणे जुंपतात. मध्यंतरी काही दिवस माझे खाते बंद झाले होते, त्याचे कारण शेवटपर्यंत कळले नाही. मुलगी म्हणते, ब्लॉग सुरू कर. मैत्रिणी म्हणतात, ब्लॉगचे दिवस गेले, तिथे कोण येणार? मला तंत्रातले फारसे कळत नाही. समाजमाध्यम सोडावे का? ब्लॉग काढायचाच तर कुठे काढावा? आणि गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तेव्हा स्वतःच्या नावाने लिहावे की टोपणनावाने?

— वाशिष्ठीकाठची

*उत्तर*

ताई, सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यम सोडू नका, पण यापुढे तुमच्या कोणत्याही लेखाची मूळ प्रत तिथे ठेवू नका. लेख आधी तुमच्या ब्लॉगवर जावा, तिथे त्याला शीर्षक, तारीख आणि न बदलणारा पत्ता मिळावा, आणि त्यानंतर त्याची वर्दी समाजमाध्यमावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, जिथे जिथे तुमची माणसे आहेत तिथे द्यावी. हा शिरस्ता मी नव्याने काढलेला नाही. २०११ पासून ‘इंडीवेब’ नावाने एकत्र आलेली तंत्रज्ञ आणि लेखक मंडळी हेच सांगत आली आहेत. तुम्ही कोणत्या माध्यमावर लिहिता ते येथे मुद्दाम छापलेले नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते त्यांच्यापैकी बहुतेकांना लागू पडते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट चोरलेले नाव ही नाही आणि भांडणे हीही नाही. स्वतः लिहिलेल्या नोंदी स्वतःलाच सापडल्या नाहीत, ही आहे. यात तुमचा वेंधळेपणा नाही. समाजमाध्यमाचे पान ज्याला काहीही शोधायचे नाही अशा माणसासाठी रचलेले असते: तो अंगठा सरकवत राहतो, आणि त्याला खिळवून ठेवील असे काहीतरी त्याच्यासमोर येत राहते. फेसबुकने २००६ साली ‘न्यूज फीड’ आणले तेव्हापासून ही रचना रुजली. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने काळाचा क्रम सोडून आपल्या हिशेबाने पोस्टींची क्रमवारी लावायला घेतली, आणि जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरच केले की यापुढे पेजच्या आणि व्यवसायांच्या पोस्टींपेक्षा नातेवाईक आणि मित्रमंडळींच्या, चर्चा घडवणाऱ्या पोस्टींना प्राधान्य मिळेल. चर्चा घडवणारी म्हणजे पुष्कळदा भांडण लावणारी, हे तुम्ही अनुभवाने जाणताच. तेव्हा वाचक निम्म्यावर आले म्हणून आपले लिहिणे उतरले, असा निष्कर्ष काढू नका. क्रमवारी लावणाऱ्याचे निकष बदलले की आकडे बदलतात, आणि ते निकष बदलण्याआधी तुम्हाला कोणी विचारीत नाही.

आता मैत्रिणींच्या शंकेकडे येते, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही. ब्लॉगची एक बहर होती आणि ती ओसरली, हे खरे आहे. अनेक ब्लॉगांवरचे नवे लिखाण एका ठिकाणी वाचायला देणारे ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, हातात स्मार्टफोन आले, आणि मराठीत उत्तम लिहिणारे कितीतरी ब्लॉगलेखक याच सुमारास फेसबुककडे गेले. तिथे दाद लगेच मिळत होती. त्यांतल्या काहींनी आपले दीर्घ लेख फेसबुकच्या ‘नोट्स’ या सोयीत लिहिले. ३१ ऑक्टोबर २०२० पासून नवी नोट लिहिणे आणि जुनी दुरुस्त करणे दोन्ही थांबले. ज्यांनी ब्लॉग सोडताना तो पुसून टाकला नव्हता, त्यांचे २००८ किंवा २०१० सालचे लेख मात्र आजही शोधात वर येतात. मराठीतून एखादी पाककृती, एखादा ट्रेक किंवा एखाद्या रागाची माहिती शोधून पाहा: १९९६ पासून चालू असलेल्या ‘मायबोली’ या मराठी संकेतस्थळावरचे किंवा तशाच ‘मिसळपाव’वरचे जुने धागे, आणि त्यांच्याशेजारी कोणाचा तरी कधीचाच थांबलेला ब्लॉग, असे काहीतरी हाती लागतेच. लिहिणाऱ्याने लिहिणे थांबवले तरी वाचक येतच आहेत.

म्हणून ‘तिथे कोण येणार’ याचे उत्तर असे, की पहिल्या काही महिन्यांत फारसे कोणी येणार नाही. गूगलला नव्या ब्लॉगची दखल घ्यायला वेळ लागतो, आणि ज्या पोस्टला तिकडे तासाभरात शंभर अंगठे मिळाले असते तिला इकडे एकही प्रतिक्रिया नसेल. हे सुरुवातीला मनाला लागते. कित्येकांचे ब्लॉग चार-पाच लेखांतच थांबतात ते यामुळेच. तुमच्या बाबतीत मात्र मला आशा वाटते, ती विषयामुळे. रोजच्या राजकारणावर मत देणाऱ्याला आजचाच वाचक हवा असतो, कारण उद्या ते मत शिळे होते. पुराच्या नोंदींना वाचक हवा असतो तो पुढच्या जून-जुलैत, त्याच्या पुढच्या वर्षी आणि वीस वर्षांनी.

चिपळुणात तर हे मी सांगायला नको. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखांच्या मध्ये सोळा वर्षे गेली, आणि या काळात नव्याने राहायला आलेल्यांना आपल्या दारात पूर्वी पाणी कुठवर आले होते हे सांगायला जुन्या शेजाऱ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते. २०२१ नंतर नदीतल्या गाळावर आणि निळ्या-लाल पूररेषांवर (पूरक्षेत्राच्या सरकारने आखलेल्या हद्दींवर) जो वाद झाला, त्यातही अधिकृत आकड्यांच्या शेजारी ठेवायला लोकांच्या आठवणी होत्या, पण तारीखवार लिहिलेले फार थोडे होते. कितव्या पायरीपर्यंत आणि किती वाजता, इतक्या नेमक्या तुमच्या नोंदी एखाद्या अभियंत्याला, घर घेऊ पाहणाऱ्याला किंवा विमा कंपनीशी पत्रव्यवहार करणाऱ्या दुकानदाराला उपयोगी पडणाऱ्या आहेत. हे लोक तुमच्या मित्रयादीत असण्याचा संभव कमी आहे. ते गूगलवर ‘चिपळूण पूर पाणी पातळी’ असे काहीतरी लिहितील, आणि लॉग-इनच्या दाराआड असलेले तुमचे लिखाण त्यांना दिसणार नाही. कागदावर लिहून गावातच ठेवणे हाही पूर्ण उपाय नव्हे: १८६४ साली स्थापन झालेल्या तुमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात या दोन्ही पुरांत पाणी शिरले होते.

ब्लॉग कुठे काढावा, याचे उत्तर देण्याआधी एक सावधगिरी. ब्लॉग म्हणजे आपली मालकी असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्ये पायरा लॅब्स या छोट्या कंपनीने सुरू केली आणि २००३ पासून ती गूगलची आहे. म्हणजे तिथला फुकट ब्लॉग हीदेखील दुसऱ्याच्या जागेतली राहुटीच. (ब्लॉगरच्या निर्मात्यांपैकी इव्हान विल्यम्स पुढे ट्विटरच्या संस्थापकांमध्ये होते आणि त्यानंतर त्यांनीच लांब लेखांसाठी ‘मीडियम’ काढले. लेखन आखूड करण्यात आणि पुन्हा लांब करण्यात एकाच माणसाचा हात असावा, याची मला गंमत वाटते.) मोठ्या कंपन्या आपली दालने बंद करतात, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत: याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केले, गूगलने ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आपल्याकडचे ट्विटरसारखे ‘कू’ २०२४ मध्ये गेले. मालकी खरोखर दोन गोष्टींनी येते. ब्लॉगचा पत्ता (म्हणजे डोमेन) तुमच्या नावावर नोंदलेला असावा, आणि सर्व मजकुराची एक प्रत तुमच्या घरातल्या संगणकावर असावी. या दोन असल्या की सेवा कोणाची आहे याला फारसे महत्त्व उरत नाही; एक बंद पडली तर मजकूर दुसरीकडे चढवायचा आणि तोच पत्ता तिकडे वळवायचा.

तुमच्यासाठी मी ब्लॉगर सुचवते. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ दिसायला अधिक देखणे आहे आणि वाचकांना ई-मेलने नवा लेख पाठवण्याची सोय त्यात आयती मिळते, पण त्याच्या फुकट ब्लॉगवर ते आपल्या जाहिराती दाखवतात आणि स्वतःचा पत्ता जोडायचा तर सशुल्क योजना घ्यावी लागते. ब्लॉगरवर तुम्ही न मागता जाहिराती येत नाहीत, आणि स्वतःचा पत्ता जोडण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पत्त्याच्या नोंदणीचे तेवढे वर्षाला साधारण ५०० ते १,५०० रुपये. आणखी एक फायदा असा, की नोंदणीचे नूतनीकरण कधी राहून गेले तर पत्ता हातचा जाईल, पण मजकूर गूगलच्या खात्यात शाबूत राहील. स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेऊन वर्डप्रेस चालवणाऱ्याचे भाडे थकले तर मजकूरच जातो. तंत्रात रस नसणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्ता ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ घ्या. देवनागरीतला ‘डॉट भारत’ पत्ता २०१४ पासून मिळतो आणि मला तो मनापासून आवडतो, पण काही अ‍ॅप त्याला दुवा म्हणून ओळखत नाहीत आणि फोनवर सांगतानाही घोटाळा होतो, म्हणून सध्या नको.

मराठीत लिहिणाऱ्यांना हमखास नडणारी एक बाब येथे सविस्तर सांगते, कारण मदतीच्या इंग्रजी पानांवर ती क्वचितच भेटते. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकावरून आपोआप बनवतो, पण त्या वेळी तो फक्त रोमन अक्षरे उचलतो. शीर्षक देवनागरीत असले की हाती ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा एवढेच लागते, आणि सगळ्या लेखांचे पत्ते एकसारखे दिसू लागतात. वर्डप्रेसवर उलट घडते: देवनागरी शीर्षक पत्त्यात जाते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची तीन ओळींची माळ होते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. दोन्हींवर उपाय एकच. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या रकान्यात पर्मालिंकचा, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याचा, पर्याय उघडून गावाचे नाव, विषय आणि साल रोमन अक्षरांत स्वतः लिहावे. ब्लॉगरवर प्रसिद्ध झाल्यावर हे बदलायचे तर लेख आधी मागे घ्यावा लागतो आणि तोवर वाटलेल्या लिंका मोडतात, म्हणून पहिल्यापासूनच ही सवय ठेवा.

शीर्षकांच्या बाबतीत तुम्हाला थोडा मोह आवरावा लागेल. समाजमाध्यमावर ‘ती रात्र…’ असे शीर्षक उत्सुकता जागवते. शोधणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. ‘चिपळूण पूर, २२ जुलै २०२१: चिंचनाक्यापासून पेठमापपर्यंतच्या नोंदी’ हे रुक्ष वाटेल, पण ते सापडेल. रानभाज्यांवर लिहितानाही शीर्षकात टाकळा, कुर्डू, भारंगी असे भाजीचे नाव असावे आणि मजकुरात तिची तुमच्या भागातली इतर नावे यावीत, कारण शोधणारा कोणत्या नावाने येईल याचा नेम नसतो. फोटोखाली ठिकाण आणि तारीख लिहा. तुम्हाला सगळे ठिकाण ओळखीचे असल्यामुळे नेमके हेच लिहायचे राहून जाते.

जुने सगळे लिखाण ब्लॉगवर आणण्याचा संकल्प करू नका; तो तडीस जात नाही आणि त्यापायी नवे लिहिणे थांबते. आधी समाजमाध्यमाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ अशा अर्थाचा पर्याय शोधा आणि संपूर्ण प्रत मागवा. एचटीएमएल आणि जेसन अशी दोन स्वरूपे विचारली तर एचटीएमएल घ्या, कारण ते साध्या ब्राउझरमध्ये उघडते आणि देवनागरी नीट वाचता येते. जेसनमध्ये अक्षरांच्या जागी सांकेतिक चिन्हे दिसण्याचा संभव असतो. खाते पुन्हा कधी बंद झाले तर हा पर्यायही दिसणार नाही, म्हणून हे काम पत्र वाचून झाल्यावर लगेच करा. त्यातून पुराच्या नोंदी तेवढ्या प्रथम ब्लॉगवर चढवा, मूळ तारीख लेखाच्या वर द्या, आणि नंतर काही दुरुस्त केले तर खाली दुरुस्तीची तारीखही द्या. इतर लेखांपैकी ज्यांची कोणी पुन्हा चौकशी करील ते सवडीने आणा, बाकीचे तिथेच राहू द्या. स्थानिक अंकांसाठी दिलेले लेख श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये साठवलेले असतील, तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घेतल्याशिवाय ब्लॉगवर चिकटवू नका. नुसती अगम्य रोमन अक्षरे उमटतील.

वाचकांना कळवायचे कसे? समाजमाध्यमावर नुसती लिंक टाकली तर ती थोड्याच लोकांना दिसते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. शिवाय नुसत्या लिंकवर बोट ठेवायला आपण सगळेच आळशी असतो. म्हणून लेखातले दोन भरीव परिच्छेद तिथे द्या आणि ‘पूर्ण नोंदी येथे’ म्हणून पत्ता जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी करा. त्यात २५६ जण मावतात, ज्यांनी तुमचा क्रमांक साठवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो, आणि गटातली हुज्जत आपोआप टळते. तिथेही संपूर्ण लेख कधी पाठवू नका. पूर्ण मजकूर फिरू लागला की नाव गळून पडते, आणि मग तो मजकूर पु.ल., व.पु. किंवा नाना पाटेकर यांच्यापैकी कोणाच्या तरी नावावर जमा होतो. मराठी व्हॉट्सअ‍ॅपचा हा कारभार आपण सगळे पाहतोच.

तुमचे नाव काढून फिरलेल्या नोंदीबद्दल कायदा तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लिहिल्या क्षणापासून लेखावर लेखकाचा हक्क असतो, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. पण फॉरवर्ड करणाऱ्या शेकडो लोकांच्या मागे कोण लागणार? व्यवहारात उपयोगी पडेल ती तारीख असलेली मूळ प्रत. एखाद्या वृत्तपत्राने किंवा संकेतस्थळाने मजकूर उचलला, तर शांतपणे ब्लॉगचा पत्ता पाठवता येतो, आणि लेख आधी कोणी लिहिला हा वाद तिथे मिटतो. जोडीला ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’वर लेखाचे पान जतन करायला सांगावे, ते फुकट आहे, आणि त्रयस्थाकडे तारखेची नोंद राहते.

भांडणांचा प्रश्न ब्लॉगवर बराच सुटतो, कारण प्रतिक्रिया तुम्ही वाचून मान्य केल्यावरच दिसतील अशी व्यवस्था ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये करता येते. ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मात्र नोंदींत चूक दाखवणारी प्रतिक्रिया, तिचा सूर कितीही तिरसट असला तरी, दाबू नका; ‘आमच्याकडे पाणी त्याआधीच आले होते’ असे कोणी लिहिले तर तीही एक नोंदच आहे. अब्रुनुकसानीचा कायदा ब्लॉगलाही लागू आहे, म्हणून ‘अमक्याने भराव टाकला म्हणून पाणी चढले’ अशी वाक्ये पुरावा हातात असल्याशिवाय लिहू नका.

तुमच्या मागे हे सगळे कोणाला उघडता यावे, हेही आताच ठरवून टाका. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल आपल्या नियमाप्रमाणे काढून टाकू शकते, आणि त्या खात्याबरोबर ब्लॉगही जाईल. खात्यात ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. तिथे मुलीचे नाव द्या, पत्त्याच्या नोंदणीचा तपशील तिच्याकडे असू द्या, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. त्या फाइलीत मजकूर येतो. फोटो वेगळे जपावे लागतात.

राहिला नावाचा प्रश्न. रानभाज्यांवर आणि दुकानांवर टोपणनावाने लिहायला काहीच हरकत नाही, आणि ‘वाशिष्ठीकाठची’ हे नाव मला आवडले. पुराच्या नोंदी मात्र स्वतःच्या नावाने द्याव्यात असे मला वाटते, कारण ‘कोणी सांगितले?’ हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारला जाणारच, आणि तिथे टोपणनावाला वजन नसते. ज्या शेजाऱ्यांनी माहिती दिली त्यांची नावे त्यांना विचारूनच घाला. नको म्हणाले तर ‘पहिल्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ’ एवढ्याने भागते. सासरच्या किंवा शेजारच्या कोणाला काय वाटेल ही धाकधूक असेल, तर पहिला लेख प्रसिद्ध करण्याआधी त्यांना वाचायला द्या. बहुतेक वेळा ते त्यातल्या वेळा दुरुस्त करून देतील.

आपली,
सदरलेखिका